वहीच्या शेवटच्या पानावरचे ठोकताळे

रमजान ईदच्या सुट्टीत आमची भाची घरी आली, तेव्हा तिच्या बॅगेत कपड्यांपेक्षा वह्याच जास्त निघाल्या. विदर्भातल्या एका संस्थेत ती वैमानिकाचे प्रशिक्षण घेते आहे. दुपारी शिरखुर्म्याच्या वाट्या रिकाम्या झाल्यावर तिच्या नानीने, म्हणजे आमच्या अम्मीने, चष्मा लावून त्यातली एक वही उघडली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवून विचारले, "बेटा, हे काय लिहिलंस? हे तर वाण्याच्या हिशेबासारखं दिसतंय."

पानावर खरोखरच हिशेब होते. ‘साठात एक’, ‘दहाला वीस’, ‘हजाराला तीन’, ‘निम्म्यात सत्तर’. दोन-दोन शब्दांच्या ओळी आणि पुढे बाणांच्या खुणा.

"ठोकताळे आहेत, नानी," भाची म्हणाली. "विमानात एकाच वेळी दहा गोष्टींकडे बघावं लागतं. तिथे कागद-पेन्सिल घेऊन गणितं सोडवायला वेळ नसतो. म्हणून जमिनीवरच पाठ करून ठेवायचे."

"मग ती एवढी यंत्रं कशाला असतात?"

"यंत्र खरं बोलतंय की नाही, हेही कुणीतरी ओळखायला हवं ना!"

त्या दुपारी आम्ही सगळे त्या एका पानाभोवती बसलो. आमच्या वाचकांपैकी कितीतरी घरांत बारावी सायन्सची मुलगी किंवा मुलगा ‘पायलट व्हायचंय’ म्हणत असेल. तिथे आई-वडिलांचे दोन प्रश्न ठरलेले असतात: खर्च किती आणि धोका किती? खर्चाचा आकडा संस्था सांगते. धोका कसा आवरतात, ते मात्र आम्हांला या पानावर कळले, म्हणून ते वाचकांसमोर ठेवत आहोत. एक गोष्ट आधीच सांगतो. प्रत्येक विमानाची स्वतःची पुस्तिका असते आणि अंतिम शब्द तिचाच. ठोकताळा फक्त अंदाज देतो, आणि पुस्तिकेतून काढलेले उत्तर अगदीच भलते आले असेल तर ती चूक पकडून देतो.

आधी विमान उडवा

प्रशिक्षणात बहुधा एका इंजिनाची, दोन किंवा चार आसनांची विमाने वापरतात. सेस्ना १७२ हे त्यांतले सर्वांत परिचित. आजवर ४४,००० हून जास्त बनली आहेत. माणसे, सामान, इंधन धरून त्याचे वजन साधारण ११०० किलोच्या आसपास, म्हणजे एका मोटारगाडीएवढेच. वाऱ्याची एक झुळूकही त्याला जाणवते.

वहीतली पहिली ओळ आकड्यांची नव्हती: ‘उडव, वाट धर, बोल.’ याच क्रमाने. काहीही बिघडले तरी आधी विमान ताब्यात ठेवायचे, मग कुठे जायचे ते पाहायचे, आणि रेडिओवर बोलणे सर्वांत शेवटी. ऐकायला हे फारच सोपे वाटते. पण २९ डिसेंबर १९७२ च्या रात्री अमेरिकेत मायामीजवळ ईस्टर्न एअरलाइन्सचे एक मोठे प्रवासी विमान दलदलीत कोसळले आणि शंभरहून अधिक माणसे गेली. चाके खाली आल्याचे दाखवणारा एक लहानसा दिवा लागला नव्हता. कॉकपिटमधले सगळेच त्या दिव्याच्या मागे लागले. विमान हळूहळू खाली उतरते आहे, हे वेळेत कुणाच्याच लक्षात आले नाही. इंजिने शेवटपर्यंत चालू होती.

"दूध उतू जातंय आणि सगळी घरभर झाकण शोधतायत," अम्मी म्हणाली. आम्हांला वाटते, याहून नेमके कुणी सांगू शकणार नाही.

नागपुरात उभे, महाबळेश्वरात उडते

दुसरा ठोकताळा उन्हाळ्याचा. गरम हवा पातळ असते. पातळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पंखा कमी ओढतो आणि पंखांना उचलही कमी मिळते. वैमानिक याचा हिशेब उंचीत मांडतात. समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सियस तापमान प्रमाण धरतात आणि दर हजार फुटांना २ अंश वजा करतात. त्या प्रमाणापेक्षा जेवढे अंश जास्त, त्या प्रत्येक अंशाला १२० फूट मिळवायचे.

नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १००० फुटांवर आहे. तिथे प्रमाण तापमान १३ अंश. मे महिन्यातल्या दुपारी पारा ४३ वर गेला, तर फरक ३० अंशांचा. तीस गुणिले १२० म्हणजे ३६००, त्यात मूळचे १००० मिळवले की ४६०० फूट. म्हणजे विमान उभे आहे नागपुरात, पण त्याच्या इंजिनाला आणि पंखांना मिळणारी हवा आहे जवळजवळ महाबळेश्वरच्या उंचीवरची! थंडीच्या सकाळी ज्या धावपट्टीवरून ते झटकन उचलले जाते, तीच धावपट्टी आता आखूड पडू लागते. म्हणून उन्हाळ्यात लहान विमानांसाठी सकाळची वेळ बरी.

मग धावपट्टी पुरणार की नाही, हे धावता धावता कसे ओळखायचे? त्यासाठी ‘निम्म्यात सत्तर’. उड्डाणाला लागणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्के वेग निम्मी धावपट्टी संपायच्या आत मिळालाच पाहिजे. समजा, ६० नॉटला विमान उचलते आणि धावपट्टी १००० मीटरची आहे. (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर.) तर ५०० मीटरच्या खुणेशी काटा ४२ वर हवा. नसेल तर थ्रॉटल मागे, ब्रेक लावायचे, उड्डाण रद्द. ‘अजून थोडं बघू’ म्हणायचे नाही, कारण थांबायला लागणारी धावपट्टी तेवढ्यात मागे पडलेली असते.

त्याच्याच शेजारी ‘दहाला वीस’. वजन दहा टक्क्यांनी वाढले, तर उड्डाणाला लागणारे अंतर साधारण वीस टक्क्यांनी वाढते. चार आसने आहेत म्हणून चार धडधाकट माणसे, त्यांच्या बॅगा आणि काठोकाठ टाक्या असे चालत नाही. माणसे जास्त तर इंधन कमी, आणि इंधन कमी तर पल्ला कमी. वजनकाट्यापुढे पाहुणचाराची भीड चालत नाही, असे भाचीचे म्हणणे.

इंजिन बंद पडले तर

हा प्रश्न आमच्या आपाने, म्हणजे भाचीच्या आईने, विचारला. विचारताना तिचा आवाज जरा खाली गेला होता.

इंजिन बंद पडले म्हणून विमान दगडासारखे पडत नाही, ते तरंगत उतरते. सेस्ना १७२ सारखे विमान हजार फूट उंचीवरून साधारण दीड सागरी मैल, म्हणजे पावणेतीन किलोमीटर जाऊ शकते. म्हणून उंची ही वैमानिकाची शिल्लक. उडताना ‘आत्ता इंजिन थांबलं तर उतरायचं कुठे’, हा प्रश्न मनात सतत चालू ठेवायचा आणि एखादे मोकळे शेत नजरेत धरून ठेवायचे.

पण उड्डाण करताच, चार-पाचशे फुटांवर इंजिन थांबले, तर नियम कडक आहे: मागे वळू नका, समोरच उतरा. माणसाचे मन मागच्या सुरक्षित धावपट्टीकडे धावते आणि घात तिथेच होतो. धावपट्टीच्या रेषेत परत यायला अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वळावे लागते, वळताना उंची झपाट्याने जाते. शिवाय विमान कलले की पंखांवरचा भार वाढतो. ६० अंश कलल्यावर भार दुप्पट होतो आणि पंखांची पकड सुटण्याचा वेग जवळजवळ ४० टक्क्यांनी वर चढतो. सरळ उडताना ५० नॉटपर्यंत तरणारे विमान त्या वळणात ७० नॉटलाच कोसळू शकते. समोरच्या शेतात विमान ताब्यात ठेवून टेकवले तर चाके मोडतील, पंख वाकेल, पण माणसे वाचण्याची आशा असते. ताबा सुटून आपटले तर ती फारशी उरत नाही.

पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण

वाट चुकू नये म्हणून ‘साठात एक’. साठ मैल गेल्यावर आपण एक मैल बाजूला आलो असू, तर चूक एका अंशाची. तीन मैल बाजूला, तर तीन अंशांची. अजून साठ मैल जायचे असेल, तर तीन अंश चूक सुधारायला आणि तीन अंश मूळ ठिकाणाकडे वळायला, असे सहा अंश वळायचे. एका अंशाकडे दुर्लक्ष केले तर साठ मैलांवर गाव एका मैलाने हुकते, आणि धुरकट हवेत एक मैल म्हणजे पुष्कळ झाला.

आडव्या वाऱ्याचा हिशेब अम्मीला सगळ्यांत आवडला, कारण तो घड्याळाचा आहे. वारा धावपट्टीच्या दिशेशी १५ अंशांचा कोन करत असेल, तर त्याचा पाव भाग आडवा धरायचा. ३० अंशांना अर्धा, ४५ ला पाऊण, ६० आणि त्यापुढे पूर्ण. तासाची पंधरा, तीस, पंचेचाळीस आणि साठ मिनिटे असतात तसे. वारा २० नॉट आणि कोन ३० अंश, तर आडवा वारा १० नॉट. आपल्या विमानाला आणि आपल्या सरावाला तो झेपेल का, हे दोन सेकंदांत कळते.

इंधनाचेही घड्याळच. लहान विमानातल्या इंधनाच्या काट्यावर विसंबायचे नाही, असे पहिल्या दिवसापासून शिकवतात. उड्डाणाआधी टाकीत पट्टी बुडवून इंधन स्वतः पाहायचे, ताशी खर्चाने भागायचे आणि आलेल्या तासांतून एक तास बाजूला काढून ठेवायचा. तो तास आपला नाहीच, असे समजायचे. वैमानिकांत एक जुनी म्हण सांगतात की तीन गोष्टी अगदी निरुपयोगी: मागे पडलेली धावपट्टी, डोक्यावर राहिलेली उंची आणि जमिनीवरच्या टँकरमध्ये राहिलेले इंधन.

ढग आणि १७८ सेकंद

या पानावर लाल शाईने लिहिलेली ओळ एकच होती, ती ढगांची.

ढगाचा तळ किती उंचावर असेल, याचा अंदाज दोन आकड्यांवरून येतो: हवेचे तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते. दोघांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकाला ४०० फूट. ३० आणि २०, तर ढग साधारण ४००० फुटांवर. पण पावसाळ्यात कोकणात २८ आणि २६ असे आकडे असले, तर तळ ८०० फुटांवर. लोणावळाच दोन हजार फुटांवर आहे. म्हणजे घाटाचा माथा ढगात बुडालेला असणार, हे खिडकीबाहेर न बघताही कळते.

ढगात शिरले तर एवढे काय बिघडते? बिघडते ते आपल्या कानात. तोल सांभाळणारे अवयव कानाच्या आत असतात. वळण बराच वेळ सारखे चालू राहिले, की त्यांतला द्रव स्थिरावतो आणि आपण सरळ चाललो आहोत असे वाटू लागते. बाहेर क्षितिज दिसत असेल तर डोळे ही चूक सुधारतात. ढगात क्षितिजच नसते. केवळ यंत्रांवर नजर ठेवून उडण्याचे शिक्षण ज्याने घेतलेले नाही, तो मग शरीरावर विश्वास ठेवतो, आणि शरीर खोटे सांगत असते.

१९५४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात याचा प्रयोग झाला. असे शिक्षण न घेतलेल्या २० जणांना ढगासारख्या परिस्थितीत विमान चालवायला दिले. विसांच्या विसांचा ताबा सुटला. सरासरी वेळ निघाली १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांनाही दोन सेकंद कमी.

१६ जुलै १९९९ रोजी अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे चिरंजीव जॉन केनेडी स्वतःचे लहान विमान घेऊन न्यू जर्सीहून निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी. घरातल्या लग्नाला पोचायचे होते. अंधार पडत होता, हवेत धुरकटपणा होता, खाली काळा समुद्र. ढग नसूनही क्षितिज दिसेनासे झाले. त्यांच्या गाठीशी सुमारे ३०० तासांचे उड्डाण होते, पण केवळ यंत्रांवर उडण्याचा परवाना नव्हता. विमान समुद्रात कोसळले आणि तिघेही गेले. दिशा आणि तोल यांचे भान हरपून विमानावरचा ताबा सुटला, असा निष्कर्ष सरकारी तपासात निघाला.

याला उत्तर काय? वहीत लाल शाईने तेच होते: ‘शिरायच्या आधी वळ.’ आणि वळायचे कसे, त्याचाही ठोकताळा. वेगाचा दहावा भाग अधिक पाच, तेवढे अंश विमान कलवायचे. वेग १०० नॉट असेल तर १५ अंश. असे कलवले की विमान सेकंदाला तीन अंश वळते. म्हणजे १८० अंश वळून आल्या वाटेला लागायला बरोबर ६० सेकंद.

उतरणे

उतरण्याचे गणित सोपे आहे, ‘हजाराला तीन’. दर हजार फूट खाली यायला तीन सागरी मैल आधी सुरुवात करायची. तीन हजार फूट उतरायचे, तर नऊ मैल आधी. आणि मिनिटाला किती फूट उतरायचे? जमिनीवरच्या वेगाची पाचपट. ९० नॉटला ४५०.

धावपट्टीजवळ आल्यावर वेग दहा टक्के जास्त असेल, तर थांबायला लागणारे अंतर एकवीस टक्क्यांनी वाढते, कारण ते वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग, उंची, दिशा यांतले काहीही जुळत नसेल, तर इंजिनाची ताकद वाढवून पुन्हा वर जायचे, फेरी मारायची आणि पुन्हा यायचे. यात लाज कसलीच नाही.

इथे आम्हांला अब्बास इब्न फिरनास आठवले. नवव्या शतकात अंदलुसमधल्या कुर्तुबा शहरात या विद्वानाने अंगाला पिसे आणि पंख लावून उडी घेतली. ते काही अंतर तरंगले, पण उतरताना आपटून त्यांच्या पाठीला दुखापत झाली. इतिहासकार अल-मक्करी लिहितात, की पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो हे त्यांच्या लक्षात आले नव्हते, त्यांनी शेपूट लावलीच नाही. उडण्याचा विचार सगळेच करतात, उतरण्याचा आधी करणारा खरा वैमानिक.

शेवटची ओळ आणि आपण घरचे

पानावरची शेवटची ओळ विमानाची नव्हती, माणसाची होती. उड्डाणाआधी स्वतःला विचारायचे प्रश्न: तब्येत बरी आहे का? सर्दी-खोकल्याचे गुंगी आणणारे औषध घेतले आहे का? झोप झाली आहे का? पोटात काही आहे का? डोक्यात घरचे भांडण किंवा पैशांची काळजी आहे का? आणि सर्वांत शेवटी, ‘आज पोचलंच पाहिजे’ असे वाटते आहे का? तसे वाटत असेल, तर तीच धोक्याची खूण.

इथे आमचे दुल्हेभाई, म्हणजे भाचीचे अब्बा, गप्प झाले. कारण आम्हां सगळ्यांना माहीत होते.

आपल्या देशात व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. त्यात ३०० सागरी मैलांचा एक प्रवास एकट्याने करावा लागतो, वाटेत दोन वेगवेगळ्या धावपट्ट्यांवर उतरून. गेल्या सप्टेंबरात भाची त्या प्रवासाला निघाली होती. पहिल्या मुक्कामाच्या वीस मिनिटे अलीकडे ढग खाली येऊ लागले. अमुक उंचीच्या खाली तळ आला तर परतायचे, असे तिने निघण्याआधीच वहीत लिहिले होते. ती परतली. सगळा प्रवास पहिल्यापासून, पुन्हा पैसे भरून करावा लागला. दुल्हेभाईंनी तिच्या शिक्षणासाठी घरावर कर्ज काढले आहे. त्या रात्री फोनवर ते एवढेच म्हणाले होते, "वीस मिनिटं तर राहिली होती!" भाची तेव्हा काही बोलली नव्हती.

आज बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, "त्या दिवशी मागे वळायला किती वेळ लागला होता?"

"एक मिनिट, अब्बा."

त्यांनी वही हातात घेतली, लाल शाईची ओळ पुन्हा वाचली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी असं झालं, तर पैशांचा विचार करू नकोस. तो मी करीन."

आमच्या मते हाही एक ठोकताळाच आहे, आणि तो घरच्यांनी पाठ करायचा आहे. वैमानिकाचे बाकीचे नियम शिकवायला इन्स्ट्रक्टर आहेत. पण मूल परत वळले तर घरात त्याला काय ऐकावे लागेल, हे आपण ठरवतो. ‘किती वाजता पोचशील? सगळे थांबलेत,’ असे प्रेमाने विचारलेले वाक्यही त्याच्यासोबत कॉकपिटमध्ये बसते. त्याऐवजी ‘जमलं तर ये, नाही जमलं तर उद्या ये’ एवढे म्हणावे. आणि हे फक्त विमानापुरते नाही. पावसात घाट उतरणाऱ्या, रात्री मोटारसायकलवरून गावी निघालेल्या प्रत्येकालाच हे लागू आहे.

सुट्टी संपवून भाची निघाली, तेव्हा अम्मीने तिला डबा दिला, डोक्यावरून हात फिरवला आणि दरवेळी म्हणते ते ‘लवकर पोच’ या वेळी म्हटले नाही. "सावकाश जा," एवढेच म्हणाली.